इंद्रभानचं सोनं आणि रुख्माबाईचं कुंकू

सोनाळ्यात रुख्माबाईचं घर विचारलं तर कोणीही सांगेल, पण सांगताना आवाज थोडा खाली आणेल. "इंद्रभान डाकूची बायको ना? पाराहून सरळ जा, वांग्याच्या वाडीले लागून घर हाय." मग तुम्ही न विचारताच पुढे, "अजून कुंकू लावते बरं ती." हे शेवटचं वाक्य जोडल्याशिवाय सोनाळ्याचा माणूस तिचा पत्ता देत नाही.

कुंकू आहेच तसं. टिकली-बिकली नाही. भुवयांच्या मधोमध गोल, ठसठशीत, रस्त्याच्या पलीकडूनही दिसेल असं. रुख्माबाईचं वय आता सत्तरीला टेकलं. उन्हं वर यायच्या आत ती वाडीत असते. बाजाराच्या दिवशी वांगी, मिरच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन पोत्यावर बसते, आणि गिऱ्हाईक घासाघीस करताना वांग्यांकडे कमी आणि तिच्या कपाळाकडे जास्त बघतं. आधी आधी तिला याचा राग यायचा. पुढे तिने त्यातही सोय पाहिली. कपाळाकडे बघणाऱ्याच्या पिशवीत एखाददुसरं किडकं वांगं बिनबोभाट जातं.

आता गाव तिच्या कपाळाकडे का बघतं, ते सांगितलं पाहिजे. इंद्रभान तिचा नवरा, आणि त्याच्याबद्दल सोनाळ्यात दोन गोष्टी चालत आलेल्या. पहिली सोन्याची. मलकापूरच्या कापूस बाजारातून परतणाऱ्या शेठ लोकांना लुटून त्याने सात रांजण सोनं जमवलं आणि सातपुड्यात पुरलं. काही जण म्हणत, सातपुड्यात नाही, बायकोच्या वाडीतच पुरलं; नाहीतर ती बाई निंबोणीच्या खालची जागा कधी नांगरू का देत नाही? दुसरी गोष्ट मरणाची. वान नदीच्या पुरात तो वाहून गेला असं पोलिसांनी सांगितलं, पण गावाच्या मते पोलीस खुळे. इंद्रभानने आपले कपडे दुसऱ्याच्या मढ्याला घातले आणि स्वतः पसार झाला. कोणी त्याला ओंकारेश्वरला दाढी वाढवलेली पाहिली होती, कोणी सुरतेला कापडाच्या दुकानात गादीवर बसलेलं. एकच माणूस एकाच वेळी साधूही होतो आणि शेठही होतो, याचं कोणाला नवल वाटत नव्हतं.

आणि कोणी शहाण्याने शंका काढलीच, तर उत्तर तयार असायचं. "अबे, बाई उगाच कुंकू लावन का?" यावर शंका काढणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं. जिचा नवरा मेला तिने कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे ठरलेलं. जी पुसत नाही तिला काहीतरी ठाऊक असणार. गावाचा हिशेब इतका सरळ होता.

खरा इंद्रभान कसा होता हे सांगायला रुख्माबाईशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि ती ताकास तूर लागू देत नव्हती. खरा इंद्रभान बंडीवाला होता. शेतकऱ्यांचा कापूस बैलबंडीतून मलकापूरला पोचवायचा. हसरा, तापट, कोणी चांगलं बोललं की त्याच्या मागे जाणारा. असाच कोणाच्या तरी मागे गेला आणि एका टोळीत शिरला. टोळीने घाटाच्या वाटेवर दोन-चार जणांना अडवलं, तेवढ्यावरच त्यांचं नाव झालं. इंद्रभानच्या वाट्याला सोनं कधीच आलं नाही. आलं ते एक भिंतीवरचं घड्याळ, आणि त्याचीही किल्ली नव्हती. ते घरात दिसलं तर पोलीस धरतील म्हणून रुख्माबाईने निंबोणीखाली खड्डा करून पुरलं. सात रांजणांतला ऐवज तो एवढाच.

तो गेला तेव्हा ती बावीस-तेवीसची होती आणि सागर कडेवर होता. भादव्यात वानला पूर आलेला, पोलीस मागे लागलेले, हा बहाद्दर नदीत उतरला. दोन-तीन दिवसांनी खाली, बाभळीत अडकलेलं प्रेत सापडलं. ओळखायला रुख्माबाईला नेलं. चेहऱ्याचं काही उरलं नव्हतं. सदरा त्याचा होता, पण तसले सदरे बाजारात ढिगाने मिळत. मग तिची नजर कमरेवर गेली. सागरच्या बारशाला तिने एकच काळा दोरा वळला होता. अर्धा पोराच्या कमरेला बांधला, आणि थट्टेत अर्धा नवऱ्याच्या. "तुम्हीबी पोरच हा," म्हणाली होती. गाठ तिच्या हातची होती. तिने पाहिली आणि ओळखली.

त्याच वेळी तिच्या मागून भगवानराव हळू आवाजात बोलला. हा इंद्रभानचा चुलतभाऊ. पोलिसांच्या भीतीने इंद्रभान दिवसा घरी फिरकेनासा झाला तेव्हापासून वाडीच्या धुऱ्यावर, बांधावरून, याच्या फेऱ्या वाढल्या होत्या. आधी म्हणे वाडीची काळजी, मग म्हणे वहिनीची. "ओळख रुख्मा, तोच हाय," तो म्हणाला. "काही घाबरू नोको. मी हावो ना तुले."

ते 'मी हावो ना' ऐकून तिने पदर घट्ट ओढून घेतला. सासू नाही, सासरा नाही, माहेर दूर सुलतानपूरकडे, कडेवर तान्हं पोर, आणि मागे हा. तिने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून शब्द निघून गेला.

"नाही. हा तो नोहे."

पोलिसांनी तिचं ऐकलं नाही. कपड्यांवरून तोच म्हणून धरलं आणि नदीकाठीच अग्नी दिला. पण गावाने तिचं ऐकलं. घरी बायका तिच्या बांगड्या फोडायला जमल्या होत्या. ती आत गेली, तोंड धुतलं, करंडा उघडला आणि रोज लावायची त्याहून मोठं कुंकू लावून बाहेर आली. बायका एकमेकींकडे बघत उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, इंद्रभान जित्ता हाय.

त्यानंतर भगवानराव वाडीच्या धुऱ्यावर आला नाही. जिवंत डाकूच्या बायकोच्या वाटेला कोण जाईल? ती एकटीने वाडी करू लागली. अंधार असताना पाणी द्यायला जाई, एकटी बाजारातून परत येई, पण कोणाची वाकड्या नजरेने बघायची छाती झाली नाही. मेलेल्या इंद्रभानने तिची जेवढी राखण केली, तेवढी जित्याने कधी केली नव्हती. तिच्या शेजारची सोजराबाई त्याच सुमारास विधवा झाली होती. कपाळ पांढरं, हात ओके. तिचं शेत दिरांनी कसं गिळलं आणि तिला कसं वागवलं, हे रुख्माबाईने कुडापलीकडून रोज ऐकलं. ऐकलं की ती करंडा उघडून कुंकू थोडं आणखी ठळक करायची.

पण या राखणीची किंमत होती. तिला रडता आलं नाही. जिवंत नवऱ्यासाठी कोण रडतं? पितृपक्षात सासऱ्याच्या नावाने कावळ्याला घास ठेवताना ती शेजारी आणखी एक छोटा घास ठेवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, कावळे दोन हायेत.

आणि किंमत सागरने मोजली, हे तिला जास्त सलायचं. लहानपणी तो उंबऱ्यावर बसायचा. "माय, बाबा कई येईन?" ती म्हणायची, "येईन." पोराच्या तोंडून गावात बाहेर फुटेल म्हणून तिने सांगितलं नाही. शाळेत जायला लागला की सांगू, असं मनाशी म्हटलं. मग म्हटलं, मिसरूड फुटलं की सांगू. मग लग्न झालं की. दर वेळी तोंड उघडायची आणि दर वेळी भीती वाटायची की पोरगा म्हणेल, तू मले मेलेल्या माणसाची वाट पाहाले लावलं. दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर त्याने विचारणं सोडून दिलं. तिला वाटलं, विसरला. विसरला नव्हता.

हे तिला सुनेकडून कळलं. सागरची बायको पुष्पांजली, स्वभावाने मोकळी, सासूशी तिचं चांगलं जमतं. एका यात्रेवरून आल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू? हे अजून पाह्यतात." इंद्रभानची डाव्या हाताची करंगळी बंडीच्या जुवात सापडून वाकडी झाली होती, हे सागरला गावानेच सांगितलेलं. यात्रेत म्हातारा साधू दिसला, बसस्टँडवर म्हातारा भिकारी दिसला, की सागरची नजर त्याच्या डाव्या हातावर जायची. मग घरी येऊन तो कोणाशी बोलायचा नाही, जेवायचाही नाही. स्वतः आजोबा होण्याच्या वयाचा माणूस. रुख्माबाईने ते ऐकलं आणि त्या दिवशी तिलाही जेवण गेलं नाही.

तरीही तिने सांगितलं नाही. आता सांगायचं तर फार उशीर झाला होता, असं तिला वाटायचं. भगवानराव म्हातारा होऊन पारावर खोकत बसला होता. त्याची भीती केव्हाच संपली होती. आता भीती एकच, पोरगा तुटेल याची. म्हणून कुंकू रोज लागत होतं.

हे असंच चालून गेलं असतं. पण मागच्या दिवाळीनंतर मलकापूरचा शेखर नावाचा एक पोट्टा मोबाइल घेऊन गावात उगवला. याला म्हणे लाखांनी लोक पाहतात. त्याने सातपुड्याचे डोंगर दाखवले, वान नदी दाखवली, पारावरच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, त्यांनीही तिखटमीठ लावायला कमी केलं नाही. शेवटी बाजारात बसलेल्या रुख्माबाईचं कपाळ जवळून घेतलं आणि वर आपला गंभीर आवाज टाकला: "ही माउली कोणासाठी कुंकू लावते?"

झालं. चार दिवसांत वाडीत पहिला खड्डा पडला. सकाळी रुख्माबाई गेली तर फुलावर आलेल्या वांग्यांची ओळ उपटून बाजूला टाकलेली. दुसऱ्या आठवड्यात मिरच्या गेल्या. मग लोक दिवसाढवळ्या येऊ लागले, जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र घेऊन, वर तिलाच पाणी मागू लागले. "आजी, कुठंशी हाय, थोडा अंदाज तं द्या." ती म्हणायची, "मंगाच्या माणसाले सांगितलं ना बाप्पा, त्यालेच विचारा." आणि पाणी द्यायची. घरी आलेल्याला पाणी न देणं तिला जमत नव्हतं.

एका दुपारी ते यंत्र निंबोणीखाली ओरडलं. लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. दोन हात खणल्यावर गंजलेलं, काच फुटलेलं भिंतीवरचं घड्याळ निघालं. दुसरीकडे कुठे असतं तर लोक हसून घरी गेले असते. सोनाळ्यात उलट झालं. घड्याळ सापडलं म्हणजे माल खरा, आणि रांजण जवळच असणार. दुसऱ्या दिवशी लाडणापूर, टुनकी, कुठून कुठून माणसं आली. संध्याकाळी वाडीत वांग्याचं एक धड झाड उभं नव्हतं. सागरने कुदळी हिसकावून माणसं हाकलली, एकाची कॉलरही धरली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शांत होऊन तो आईसमोर बसला. "माय, आता बस झालं. मी भटजीले इचारून आलो. माणूस सापडत नसला तं पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळता येते. तेरवी करू, गावजेवण घालू. तू कुंकू पुस. लोकाइचं तोंड एकदाचं बंद हून जाईन."

"मी नाही पुसत," रुख्माबाई म्हणाली.

"काऊन?"

ती काय सांगणार होती? पुसलं तर खोट्या पुतळ्यावर खरं रडू येईल, आणि सगळं बाहेर पडेल. सागर तिच्याकडे बघत राहिला.

"अजून वाट पाह्यतं तू त्याची?"

"तू पाह्यतं का?" तिने विचारलं.

त्याने पायात चपला घातल्या. "मी काऊन पाहू? तो कुठं माही पाह्यते," असं म्हणून तो खड्डे बुजवायला निघून गेला. रुख्माबाईला त्या बोलण्यात काहीतरी टोचलं, पण काय ते तिच्या ध्यानात आलं नाही.

मग संक्रांत आली. गावात सरपंच झालेली अनुपमा तिशीची मुलगी आहे, बोलायला गोड आणि ठरवलेलं केल्याशिवाय न राहणारी. विधवांना कुंकू-बांगड्या सोडायला लावायचं नाही, हळदी-कुंकवाला त्यांनाही मानाने बोलवायचं, असा ठराव तिने ग्रामसभेत करून घेतला होता. ठराव हात वर करून झाला. कपाळ पुढे कोण करणार हा प्रश्न होता. ती रुख्माबाईकडे आली.

"आजी, पहिलं कुंकू तुमच्या हातानं लावायचं. गावातल्या सगळ्याइत जुन्या सवाशीण तुम्हीच."

रुख्माबाईच्या हातातलं सुपडं थांबलं. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? "येईन मी," ती म्हणाली.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. सागर लाडवांचे डबे गाडीवरून आणत होता. शेखरही मोबाइल घेऊन आला होता. डाकूची बायको विधवांना कुंकू लावणार, यापेक्षा त्याला आणखी काय हवं? पुढच्या सतरंजीवर विधवा बायका बसल्या, सगळ्या खाली माना घालून, जणू लाडू चोरताना धरल्या गेल्या होत्या. सगळ्यांत पुढे सोजराबाई. अनुपमाने रुख्माबाईच्या हातात करंडा दिला. सगळं पटांगण तिच्याकडे बघत होतं.

तिने बोट कुंकवात बुडवलं आणि सोजराबाईपुढे वाकली. सोजराबाईने झटकन मान मागे घेतली आणि तिचा हात धरला.

"नोको, रुख्मे. तुह्या हातानं नोको."

"काऊन व?"

"माह्यासारखीच्या कपाळाले हात लावशील अन् तुह्या धन्याले काही झालं तं? तो बिचारा कुठं असन तठी सुखी राहो. मी रोज देवाजवळ म्हणतो, माह्या शेजारणीचं कुंकू राहू दे. माह्यापाई त्याले काही नोको व्हाले." ती मनापासून घाबरली होती, इंद्रभानसाठी.

जन्मभर कुडाच्या पलीकडे पांढऱ्या कपाळाने राहिलेली ही बाई रोज देवापुढे एका मेलेल्या माणसाचं आयुष्य मागत होती. रुख्माबाईला भगवानरावासमोर खोटं बोलता आलं होतं, पोलिसांसमोर बोलता आलं होतं, पोटच्या पोरासमोरही. सोजराबाईसमोर जमेना. ती मटकन सतरंजीवर तिच्यासमोर बसली.

"तो नाही, सोजरे," ती म्हणाली. "तो तंईच गेला, पुरात. म्या त्याले पाह्यला, ओळखला, अन् नाही म्हटलं. मीबी तुह्यासारखीच हाय, तुह्याइतकीच जुनी. आता तरी लावू दे."

मागे लाडवाचा डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. रुख्माबाईने वळून बघितलं नाही. सोजराबाई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी नवल, मग राग, मग आणखी काहीतरी येऊन गेलं.

"इतके वर्स एकटीनंच ठेवलं?" ती म्हणाली.

"हाव."

"बरी खमकी हायेस व तू." आणि सोजराबाईने कपाळ पुढे केलं. रुख्माबाईने कुंकू लावलं. मग सोजराबाईने तिच्या हातातून करंडा घेतला, पदराच्या टोकाने तिचं सकाळचं कुंकू पुसलं, आणि तिथेच आपल्या बोटाने नवं लावलं. मागच्या बायका पुढे सरकल्या. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. कोणी रडत होतं, कोणी कुंकू नाकावर सांडलं म्हणून हसत होतं. थोड्या वेळाने त्या सतरंजीवर कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही, हे कपाळावरून सांगणं कोणाला शक्य राहिलं नाही.

शेखर मोबाइल घेऊन घुटमळत होता. "आजी, मंग सोनं?" त्याने हळूच विचारलं.

"त्याचं सोनं तुम्हीच काढलं ना बाप्पा, निंबोणीखालून," रुख्माबाई म्हणाली. "किल्ली तेवढी नाही माह्याजवळ. आता फोटो काढ, या साऱ्याइचे काढ. पाहू दे लोकाइले कोणती बाई कोणासाठी लावते ते." बायका खळखळून हसल्या. बाहेर पारावर भगवानराव एकेकाला धरून सांगत होता, मी तंईच म्हटलं व्हतं तोच हाय म्हणून. त्याचं तेवढं एक म्हणणं खरं होतं, आणि नेमकं तेच ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

रुख्माबाईने मांडवात सगळीकडे बघितलं. सागर नव्हता. डबे तिथेच, गाडी तिथेच, आणि माणूस नाही. तिचं हसू गेलं. ज्या भीतीने जन्म काढला ती आता समोर येऊन उभी होती. ती अनुपमाला न सांगताच उठली आणि घराच्या वाटेला लागली.

सागर वाडीत होता. फावडं घेऊन निंबोणीखालचा खड्डा बुजवत होता. ती धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. तो थांबला नाही.

"कशावरून वळखलं तू त्याले?" त्याने खाली बघतच विचारलं.

"करगोट्यावरून. तुह्या बारशाले एकच दोरा वळला व्हता. अर्धा तुले, अर्धा त्याले."

त्याने फावडं टाकलं आणि ढिगाऱ्यावर बसला. ती त्याच्यापासून हातभर दूर बसली. "बोल," ती म्हणाली. "काय बोलायचं ते बोलून घे. म्या तुले उगाच..."

"थांब ना जराशी." त्याने हात वर केला. तो काहीतरी जुळवत होता. "मी तंई कडेवर व्हतो ना? मले चालताबी येत नव्हतं?"

"नुकताच उभा राहे."

"अन् तो तंईच गेला. त्याच पुरात. मांगून कुठं गेला नाही, राह्यला नाही, दुसरं घर नाही केलं."

"नाही रे बाबा. कुठं जाईन तो? तेरा गावची भाकर खाईन, पण झोपाले तुह्याजवळ ये. तुह्या बोटाले धरून झोपे."

सागरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुख्माबाईला वाटलं, आता तुटलं. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता, लहानपणी उंबऱ्यावर बसायचा तेव्हाचा.

"मंजे त्यानं मले टाकलं नाही," तो म्हणाला. "माय, मले वाटे तो हाय कुठंतरी. मस्त खाऊनपिऊन हाय. अन् एवढ्या वर्सात त्याले एकदाबी वाटलं नाही, का पोट्ट्याले पाहून यावं. तो आला नाही, असं मले वाटे. त्याले येताच येत नव्हतं."

रुख्माबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ती समजत होती, पोरगा बापाची वाट पाहतो. खरी जखम ही होती, आणि इतकी वर्षं ती दुसरीकडेच मलम लावत बसली होती.

"मी त्या साधूइचे हात पाहो ना," सागर म्हणाला, आणि त्याला मध्येच हसू फुटलं, "ते त्याले घरी आणाले नाही पाहो. सापडला तं एक थापड ठेवून द्यायची व्हती. आता कोणाले मारू?"

"मले मार," ती म्हणाली.

"तुले?" त्याने नाक पुसलं. "तू नाही म्हटलं नसतं तं भगवानकाका आपल्या घरात बसला असता. मले काय दिसत नव्हतं का, सोजरामावशीचं काय झालं ते?" त्याने एक ढेकूळ उचलून खड्ड्यात टाकलं. "सांगाले पाह्यजे व्हतं पण. आंधी."

"हाव," ती म्हणाली. "पाह्यजे व्हतं."

तेवढं बोलणं पुरलं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर इतकी वर्षं थोपवलेलं रडू वर आलं. आवाज न करता रडायची सवय तिला होती, पण आज ती आवाज करून रडली, इंद्रभानच्या नावाने, त्याच्या हसण्यासाठी, त्या बिनकिल्लीच्या घड्याळासाठी, नदीकाठी परक्या माणसांनी दिलेल्या अग्नीसाठी. सागरही रडत होता. कुंकू ओघळून नाकावर आलं तसं तिने पदर वर नेला.

"आता पुसूनच टाकू का?"

"कायले?" सागर म्हणाला. "सोजरामावशीनं लावलेलं हाय ते. राहू दे."

पुष्पांजली घरातून चहा घेऊन आली. हळदी-कुंकवाला ती गेली नव्हती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. उपटलेल्या वांग्यांच्या मधोमध मायलेकांना गळा काढून रडताना बघून ती धुऱ्यावरच थांबली.

"अवं माय, काय झालं? कोणी गेलं का?"

"हाव," सागर म्हणाला. "आमचे बाबा गेले."